पहिल्या वर्षाचे विषय

१६ जून, सोमवार

आज शाळा उघडली. पुस्तकवाटप, नव्या मुलांचं स्वागत, नववीच्या वर्गाचा पट, सगळं पार पडलं. पण दिवसभर डोक्यात माझ्या मुलीचा, सईचा अर्जच घोळत होता. पुण्याच्या कॉलेजच्या पहिल्याच यादीत तिचं नाव लागलं, बी.एस्सी.ला. घरात आनंदीआनंद आहे. विषय मात्र शुक्रवारपर्यंत भरून द्यायचे आहेत, आणि गणितात पदवी करायची हे तिचं दहावीपासून ठरलेलं असलं तरी अर्जात नुसतं 'गणित' लिहून भागत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर कॉलेजचं पत्रक घेऊन बसले. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका सत्राला २२ क्रेडिट. त्यातले १२ तीन मुख्य विषयांचे. प्रत्येकी चार, दोन थिअरीचे आणि दोन प्रॅक्टिकलचे. उरलेले दहा ओई (दुसऱ्या विद्याशाखेतला विषय), एसईसी (कौशल्य), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण) आणि आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) या पाच खात्यांत दोन-दोन वाटलेले. तीनही विषय पहिल्या वर्षी सारख्याच तोलाचे. मेजर (पदवीचा मुख्य विषय) कोणता आणि मायनर (जोडविषय) कोणता ते दुसऱ्या वर्षी या तिन्हींतूनच ठरवायचं, तिसरा सुटतो.

म्हणजे गणितासाठी पुण्याला निघालेल्या मुलीच्या वाट्याला पहिल्या सत्रात २२ पैकी ४ क्रेडिटचं गणित! थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास. सबंध सत्रात गणिताची व्याख्यानं ३० तास, आठवड्याला दोन. आमच्या नववीला याहून कितीतरी जास्त तासिका असतात. मी पुण्यात शिकले तेव्हा एफ.वाय.ला चार विषय होते आणि टी.वाय.ला एकच उरायचा, त्यामुळे पहिल्या वर्षी थोडं-थोडं सगळंच, हे मला नवं नाही. पण दोन तास फारच कमी आहेत. म्हणूनच बाकीचे १८ क्रेडिट कशाचे घ्यायचे याचा विचार गणिताच्या चारांइतकाच नीट करायला हवा, असं मला आज फार वाटलं.

१७ जून, मंगळवार

सकाळीच माझ्या भावाचा फोन. सई त्याच्याकडेच राहणार आहे, त्यामुळे त्याला बोलायचा अधिकार आहेच. हिंजवडीत इतकी वर्षं काढलेला माणूस. त्याचं म्हणणं, "ताई, गणित, संख्याशास्त्र आणि संगणक. डोळे झाकून घ्या. उद्या डेटामध्ये जायचं म्हटलं तरी दार उघडं, एम.एस्सी. करायचं म्हटलं तरी उघडं."

त्याचं खोटं नाही. संख्याशास्त्राबद्दल तर माझं आणि त्याचं एकमत आहे. बारावीच्या पुस्तकात संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण शेवटी येतात आणि परीक्षेच्या घाईत उरकले जातात. या विषयाची खरी ओळख पहिल्या वर्षीच होते, आणि त्यात गणित पदोपदी लागतं. प्रश्न तिसऱ्या विषयाचा आहे, भौतिकशास्त्र की संगणक.

मला भौतिकशास्त्र हवं आहे. डिफरन्शियल इक्वेशन कागदावर सोडवणं निराळं, आणि लंबकाच्या आंदोलनातून तेच समीकरण आपल्यासमोर उभं राहताना पाहणं निराळं. हे सगळं माझ्यासाठी प्रयोगशाळेत जिवंत झालं होतं. शिवाय प्रोग्रॅमिंग एसईसीमधून घेता येतं, पत्रकात पायथॉन आहे. भौतिकशास्त्राला तसा आडमार्ग नाही. पहिल्या वर्षी सोडलं की ते मेजरमध्येही नाही आणि मायनरमध्येही नाही, कायमचं गेलं.

सईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट ३० तासांचा आहे. तीन विषयांची प्रॅक्टिकल्स म्हणजे आठवड्याला १२ तास. त्यात फिजिक्सचं जर्नल. मग मी गणित कधी करू?"

तिनं हिशेब करून ठेवला होता. मला बरं वाटलं, आणि उत्तर काही सुचलं नाही. शेवटी एवढंच म्हटलं की गणिताचंही प्रॅक्टिकल आहे, तेही चार तास. लोक याला नावं ठेवतात, गणिताचं कसलं प्रॅक्टिकल म्हणून. मला तर सगळ्या पत्रकात हेच जास्त मोलाचं वाटतं. व्याख्यानात मुलं उतरवून घेतात. प्रॅक्टिकलला छोट्या तुकडीत स्वतः लिहावं लागतं आणि कुणीतरी ते वाचतं. लिहिलेलं कुणी वाचलं नाही तर गणित येत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या शिकवण्यावरून सांगते.

ही ओई, एसईसी वगैरे नावं पाठ करण्यात सईच्या बाबांची संध्याकाळ गेली. एईसीला तिनं मराठी घेतलं, व्हीईसीला पर्यावरण आहे. त्यात फारसा विचार करण्यासारखं काही नाही.

१९ जून, गुरुवार

आज तिच्याशी नीट बोलायचं ठरवलं होतं. विषय कोणता यापेक्षा पहिल्या वर्षी काय बदलणार आहे, यावर.

आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीच्या भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार शब्द नीट भेटतात. मूलभूत प्रमाणाचं प्रमेय, पायथागोरस, वर्तुळाची प्रमेयं. 'का' या प्रश्नाचं उत्तर एकेका ओळीसमोर कंसात लिहायची सवय तिथे लागते. मग अकरावी-बारावीत ती सुटत जाते. प्रमेयं असतात, पण ती पाठ होतात. सीईटीच्या गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. तिथे 'का' विचारणाऱ्या मुलाचा पेपर अर्धा राहतो. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत तीच मुलं एफ.वाय.ला येतात आणि फळ्यावर येतं, 'सिद्ध करा'. हुशार मुलं इथेच कोसळतात. आपल्याला गणित येत नाही अशी समजूत करून घेतात, आणि ही समजूत मग जन्मभर जात नाही. माझ्या बरोबरीच्या दोन मैत्रिणींचं असं झालं. दोघी माझ्याहून तल्लख होत्या.

म्हणून मी सईला कागद दिला आणि म्हटलं, कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं तर शून्य येतं, हे सिद्ध कर.

"यात काय सिद्ध करायचं? ते असतंच."

"का असतं?"

दहा मिनिटं गेली. पाच वेळा शून्य घेतलं तर शून्यच, असं तिनं लिहिलं. मी विचारलं, मग वर्गमूळ दोन वेळा शून्य म्हणजे काय? ती गप्प. मग सांगितलं की शून्याबद्दल आपल्याला एकच गोष्ट ठाऊक आहे असं धर, ते कशातही मिळवलं तर काही बदलत नाही. आणि वितरणाचा नियम वापर. तिनं लिहिलं, ० म्हणजे ० + ०. म्हणून अ × ० म्हणजे अ × (० + ०), म्हणजे अ × ० + अ × ०. मग थांबली. आणि एकदम हसली. दोन्हीकडून अ × ० वजा केलं की एका बाजूला शून्य उरतं आणि दुसऱ्या बाजूला अ × ०. झालं!

"एवढंच?" म्हणाली. आणि मग, "पण हे कुणी आम्हाला सांगितलंच नाही."

हे तीन ओळींचं गणित पहिल्या वर्षाच्या कोणत्याही पुस्तकात पहिल्या काही पानांत सापडेल. तिथे सरावासाठी एका ओळीत दिलेलं असतं, आणि मुलं ते सोपं म्हणून सोडून देतात.

मग आयकेएसचा विषय निघाला. पहिल्या वर्षी ते सगळ्या शाखांना एकच आहे, आपापल्या विषयाचं दुसऱ्या वर्षी येतं. मी म्हटलं, तोवर थांबायची गरज नाही. भास्कराचार्यांचं नाव आमच्या चाळीसगावला परकं नाही. पाटणादेवीच्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापन केल्याचा. सई तिथे शाळेच्या सहलीत गेली होती, धबधबा पाहून आली होती.

त्यांच्या लीलावती ग्रंथात कुट्टक, म्हणजे पूर्णांकांत उत्तर शोधायच्या रीतीचं प्रकरण आहे, त्यात एक उदाहरण आहे. २२१ ला कोणत्या संख्येनं गुणावं, म्हणजे त्यात ६५ मिळवून १९५ नं भागल्यावर बाकी उरणार नाही? सई लगेच एकेक संख्या घालून बघायला लागली. पाचवर सापडलं. २२१ पंचे ११०५, अधिक ६५, ११७०. भागिले १९५, सहा. बरोबर.

"आता ६५ च्या जागी ६० घाल."

ती घालत राहिली. दहा, पंधरा, वीस. मग पेन्सिल ठेवून तिनं २२१ आणि १९५ चे अवयव पाडले. १३ × १७, १३ × १५. आणि म्हणाली, "कितीही शोधलं तरी सापडणार नाही. दोघांना १३ नं भाग जातो, म्हणजे ६० लाही जायला पाहिजे. जात नाही."

हेच पहिल्या वर्षाच्या अल्जिब्राचं प्रमेय. दोन संख्यांच्या मसाविनं तिसरीला भाग गेला तरच पूर्णांकांत उत्तर, एरवी नाही. आचार्यांनीही तिन्ही संख्यांना आधी सामाईक अवयवानं भागून घ्यायला सांगितलंय. जो मुलगा सगळ्या संख्या तपासल्याशिवाय 'उत्तर नाहीच' असं ठामपणे म्हणू शकतो, तो शाळेतून कॉलेजात आला.

यानंतर ओई निवडायला वेळ लागला नाही. ते दुसऱ्या विद्याशाखेतलंच घ्यावं लागतं. यादीत शेअर बाजाराची ओळख होती, पर्यटन होतं आणि कला शाखेचं तर्कशास्त्र होतं. मामाचा कल शेअर बाजाराकडे. सईनं आपण होऊन तर्कशास्त्र लिहिलं. 'जर-तर'चं विधान उलटं केलं की ते तसंच खरं राहत नाही, हे बारावीच्या तर्काच्या प्रकरणात तिनं सत्यतासारण्यांतून केलं होतं. आता ते भाषेतून करायला मिळेल.

२० जून, शुक्रवार

अर्ज भरला. गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र. एसईसीला पायथॉन.

भौतिकशास्त्र तिनं माझ्यासाठी घेतलं नाही, हे मला स्पष्ट लिहून ठेवायचं आहे. काल रात्री तिनं मामालाच फोन केला आणि तासभर बोलली. त्यानंच सांगितलं म्हणे की प्रोग्रॅमिंग तू कुठेही शिकशील, सुट्टीत मी शिकवीन. १२ तासांच्या प्रॅक्टिकल्सचा प्रश्न सुटलेला नाही, तो तिला दर आठवड्याला सोडवावा लागेल. ते तिनं ओळखून घेतलंय.

तिची एक मैत्रीण चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटला, सीएमआयला चालली आहे. तिकडे पहिल्या वर्षी निवडायला जवळपास काही नाहीच. अल्जिब्रा, अ‍ॅनालिसिस, प्रोग्रॅमिंग, सरळ हातात देतात. बंगळूरच्या आयएसआयमध्ये, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेत, तर बी.मॅथ.च्या, गणिताच्या पदवीच्या मुलांना गणित कसं लिहावं हाच एक विषय असतो. सईला थोडं वाईट वाटलं, तसं तोंडावर दिसलं. मला वाटतं, लिहायचं शिकवणारा तो एक विषय आपल्या सगळ्या कॉलेजांत पहिल्याच सत्रात असायला हवा. दोन क्रेडिटचा पुरे. पाच खात्यांत एवढं काय काय बसवलंय, त्यात हेही बसलं असतं.

तोवर पुण्यात जे आहे ते धरायचं. भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेली. माधव गणित स्पर्धा आहे, पदवीच्या मुलांसाठी, एस. पी. कॉलेज आणि होमी भाभा केंद्राची. त्यात बक्षीस मिळो न मिळो, तिथले प्रश्न पाठांतरानं सुटत नाहीत. उन्हाळ्यात एमटीटीएसचं (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) शिबिर असतं, १९९३ पासून चाललेलं. तिथे मुलांना फळ्यापाशी बोलावून प्रश्न विचारत विचारत प्रमेयं त्यांच्याकडूनच काढून घेतात, असं तिथे जाऊन आलेल्या सगळ्यांकडून ऐकलंय. ही तिन्ही नावं तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलीत.

१३ जुलै, रविवार

सईचा पहिला आठवडा झाला. मामीच्या हातचं जेवण आवडतंय, बसला गर्दी फार आहे. गणिताच्या मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या, तुम्ही नुसतं बरोबर उत्तर काढलंत तर मी अर्धेच गुण देणार. सईनं हे मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मला त्या मॅडमना भेटायची इच्छा आहे.

फिजिक्सचं जर्नल अजून सुरू नाही. संख्याशास्त्राला पहिल्या प्रॅक्टिकलला वर्गातल्या मुलांच्या उंच्या मोजून घेतल्या.

दुपारी तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. कुणी सांगितलेलं नसताना स्वतःहून केलेलं, उणे एक गुणिले उणे एक बरोबर एक, याची सिद्धता. सुरुवात केलीय (−१) × ० पासून. शून्याच्या जागी १ + (−१) घातलंय, पुढे उलगडलंय, शेवटी दोन्हीकडे १ मिळवलाय. पाच ओळी, प्रत्येकीसमोर कंसात कारण. तिसऱ्या ओळीसमोरचा कंस मात्र रिकामा आहे. तिथे वितरणाचा नियम वापरलाय, लिहिलेला नाही. फोनवर मी सांगितलं नाही, फक्त विचारलं, "तिसरी ओळ कशावरून?"

"थांब," म्हणाली, "बघून सांगते." आणि फोन ठेवला.