तुम्ही विचारलंत म्हणून: "लकव्यात मला जगवू नका" असं लिहून ठेवू का?

प्रेशर मोजून होतं, गोळ्या लिहून होतात आणि खुर्चीवरून उठता उठता प्रश्न येतो: "डॉक्टर, अंगावरून वारं गेलंच तर मला जगवू नका. तसं लिहून ठेवू का?" दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदाच सविस्तर.

ही भीती मी उडवून लावत नाही. स्ट्रोकचा, म्हणजे लकव्याचा, धोका असलेल्या लोकांची एक अमेरिकी पाहणी 1998 साली छापून आली. तीत 45 टक्क्यांनी मोठा स्ट्रोक मरणापेक्षा वाईट ठरवला. इथे गोव्यात, पेडण्यात किंवा काणकोणात विचारलं तर उत्तर फार वेगळं येईल असं वाटत नाही. पण 'जगवू नका' म्हणजे नेमकं काय करू नका? घोळ तिथे होतो, आणि नको त्या वेळी होतो.

समजा, सत्तरी तालुक्यातला एखादा वाडा, सकाळचे साडेसहा. बाबांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटतो, तोंड वाकडं होतं, बोलायला जावं तर शब्द फुटत नाही. घड्याळ इथून सुरू. (झोपेतून उठतानाच असं दिसलं, तर माणूस शेवटचा धड दिसला ती वेळ धरतात, म्हणजे आदल्या रात्रीची.) मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. घरचे आधी साखरेचं पाणी पाजतात. गिळता येत नसल्यामुळे ते फुप्फुसात उतरतं. मग प्रेशरची जादा गोळी देतात, त्याने मेंदूकडे जाणारं उरलंसुरलं रक्तही आटतं. मग कोणीतरी चोळायला तेल काढतं. 108 ला फोन सगळ्यात शेवटी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोहोचून सीटी स्कॅन होईपर्यंत साडेनऊ. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, साखर ठीक, प्रेशर 185/110 च्या खाली. वजन 60 किलो, म्हणजे अल्टेप्लेज (तेच गुठळीचं औषध) 54 मिलिग्रॅम: 5.4 एका मिनिटात शिरेतून, बाकीचं तासाभरात. औषध समोर तयार. फक्त होकार हवा.

मुलगा कुवेतहून व्हिडिओ कॉलवर. तो म्हणतो, "बाबा नेहमी सांगायचे, मला लोळागोळा करून ठेवू नका. नको ते इंजेक्शन." आई पदर तोंडाला लावते. काका म्हणतात, त्यांनाच विचारा. बाबांना काय काय कळतंय कोण जाणे, तोंडातून 'आ' पलीकडे काही निघत नाही. लंडनच्या मुलीला फोन लावतात, ती उचलत नाही. दहा, साडेदहा. अकरा वाजले की वेळ संपली.

मुलाने बाबांचा शब्द पाळला आणि बाबांना जे नको होतं तेच पदरात टाकलं. कारण हे औषध आयुष्य लांबवण्यासाठी नसतंच. 1995 च्या मूळ चाचणीत तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण सावरलेले शंभरात 39 निघाले, औषधाविना 26. मृत्यूंमध्ये मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणजे ते अंथरुण टाळण्याचं औषध आहे. फुकट नाही: शंभरात सहाएक जणांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडते. पण 'लोळागोळा नको' म्हणणाऱ्याने तर हा जुगार आधी खेळायला हवा.

तुमची इच्छा खरी मोलाची ठरते ती दोन-तीन दिवसांनी, मोठ्या स्ट्रोकनंतर मेंदू सुजून दाब वाढतो तेव्हा. कवटीचा तुकडा काढून सुजेला जागा करून देतात. साठीच्या आतल्या रुग्णांत जगणारे शंभरात 29 वरून 78 वर जातात. साठीनंतरही जीव वाचतात, पण 2014 च्या चाचणीत स्वतंत्रपणे जगण्याइतका बरा एकही जण झाला नाही. इथे 'नको' म्हणायला जागा आहे. पूर्वी मी इथे ठामपणे 'नको' सुचवत असे. पण त्याच चाचणीत, वाचलेल्यांपैकी ज्यांना उत्तर देता आलं त्यांना विचारलं, पुन्हा हेच निवडाल का? बहुतेक 'हो' म्हणाले. मग ऐकायचं कोणाचं, धडधाकट असताना सही करणाऱ्याचं की व्हीलचेअरवरून 'हो' म्हणणाऱ्याचं? मी एका बाजूचा व्हायला जातो आणि दुसरी बाजू ओढते.

आपली इच्छा आधीच लिहून ठेवणारा कागद मात्र करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये परवानगी दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं. गोव्यात मे 2024 मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं. पण ते लागू होतं बरं होण्याची आशा संपल्यावर, डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तसं ठरवल्यावर. पहिल्या साडेचार तासांत त्याचा काही संबंध नाही. म्हणून नुसतं 'जगवू नका' लिहू नका. गुठळीचं औषध, कवटीची शस्त्रक्रिया, व्हेंटिलेटर, नाकातली नळी, प्रत्येकाबद्दल वेगळं लिहा आणि कुवेतच्या मुलाला आजच वाचून दाखवा.

आणि हो, मरणाच्या गोष्टी करणाऱ्यांतलेच काही जण ठोके अनियमित असूनही रक्त पातळ ठेवणारी गोळी अर्ध्यावर सोडतात, 'रक्त वाहील' म्हणून. वॉरफरिन या अशा गोळीने त्यांचा स्ट्रोक जवळजवळ दोन तृतीयांशाने टळतो. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीचा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायचा. पालेभाजी कमीजास्त झाली की या गोळीचा असर बदलतो, पण तांबडी भाजी सोडायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खा.