एसीचं पाणी

आमच्या एसीच्या नळीपायी खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्याशी बोलत नाहीत. नळी आमची, पाणी आमचं. ठिबकतं मात्र त्यांच्या छज्जावर, आणि गेल्या उन्हाळ्यात नेमक्या तिथंच त्यांच्या कुरडया वाळत होत्या. मग मी नळीला बादली अडकवली. ती रात्रीतून भरली आणि सकाळी काकूंच्याच खिडकीवर ओसंडली.

भाचा शिकतो अमेरिकेत, ॲरिझोना विद्यापीठात, टुसॉनला. सोनोरन वाळवंटातलं गाव. वर्षाकाठी पाऊस जेमतेम 300 मिलिमीटर. जूनमध्ये त्याच्याकडे गेलो, तर भर दुपारी म्हणतो, "मामा, चला, बाग दाखवतो." बाहेर फरशीचा तवा झालेला. त्याच्या आईला फोन लावावा असं क्षणभर वाटून गेलं.

आर्किटेक्चरच्या इमारतीला लागून ती बाग आहे. आधी तिथं गाड्या लावायची जागा होती. क्रिस्टीन टेन आयक या लँडस्केप आर्किटेक्ट बाईंनी तिची बाग केली, 2007 च्या सुमाराला. बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजं आणि 'गवतावर चालू नये'ची पाटी. इथं पाहावं तर काटेच काटे! एका झाडाच्या शेंगा ओळखीच्या वाटल्या म्हणून जवळ गेलो. मेस्किट. म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. आपण जिला शिव्या देत तोडतो, तिच्या विरळ सावलीत इथं पोरं लॅपटॉप उघडून बसलेली. इथले मूळचे तोहोनो ओओधाम लोक तर मेस्किटच्या शेंगा दळून पीठ करतात.

शेजारी पालो वेर्दे. त्याचं खोडच हिरवं. पाणी तुटलं की पानं गाळून टाकायची आणि अन्न बनवायचं काम हिरव्या सालीवर भागवायचं, असा त्याचा संसार. सग्वारो नावाचा तो उंच निवडुंग अशाच झाडांच्या पायाशी रुजतो. पहिल्या 8 वर्षांत वाढतो किती, तर इंच-दीड इंच. ऊन सोसायच्या आधी त्याला कुणाची तरी सावली लागते. मला त्या रोपाबद्दल फारच आपुलकी वाटली. माझ्याही टाळूची तेव्हा तीच मागणी होती.

पण मी खरा थबकलो तो टाकीपाशी. सुमारे 44 हजार लिटरची. "यात छपराचं पावसाचं पाणी येतं," भाचा म्हणाला, "आणि एसीचं."

"एसीचं?"

"हो. आत्ता हवा कोरडी आहे म्हणून कमी. जुलैत मॉन्सून आला की भरपूर." मॉन्सून हाच शब्द, वाळवंटातही! दमट हवा आत आली की एसी जोरात ठिबकतो, आणि ते पाणी झाडांना जातं. मी त्याला आमच्या बादलीचा इतिहास सांगितला. तो इतका हसला की मेस्किटखालच्या पोरांनी माना वर केल्या.

परत आल्यावर प्लंबरकडून नळी लांबवून घेतली, थेट खाली कंपाउंडातल्या कढीपत्त्याच्या आळ्यात. काकू अजून बोलत नाहीत. पण परवा संध्याकाळी गॅलरीतून पाहिलं, तर झाडाशी उभ्या राहून चांगल्या दोन मुठी कढीपत्ता ओरबाडून नेत होत्या.