डाव्या पायाची बाहेरची कड

ऑक्टोबर छाटणीचे दिवस. कुपवाड एमआयडीसीतल्या माझ्या गाळ्यात तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदारांच्या कात्र्यांच्या पिशव्या दारापर्यंत आल्या होत्या. अशा गर्दीत भरदुपारी एक ताई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या आणि टेबलावर पांढरे बूट ठेवले. बुटांच्या तळाला पोलादी पाती.

"दादा, मिरजेच्या हॉस्पिटलांच्या कात्र्यांना तुम्हीच धार लावता म्हणे. एवढं बघा की."

बर्फावरच्या फिगर स्केटिंगची पाती मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होतो. मुलगी सांगलीत चाकांवर स्केटिंग शिकली आणि गेली दोन वर्षं सुट्टी मिळाली की गोवा एक्स्प्रेसने दिल्ली गाठून गुरुग्रामच्या रिंकवर बर्फाचा सराव करते. पाती नवी, इंग्लंडातल्या शेफील्डची. ती बुटांना बसवून, धार लावूनच त्यांनी आणली होती. पण पहिल्याच दिवशी बर्फावर गडबड झाली.

"काका, डावा पाय बाहेरच्या कडेवर टाकला की सुटतोय," ती म्हणाली.

मला आधी कळेचना. एका पात्याला बाहेरची कड आणि आतली कड? मग तिने बूट उलटा धरून दाखवला. हे पातं सुरीसारखं निमुळतं नसतं. चांगलं चार मिलिमीटर जाड असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ असते. पन्हळीच्या दोन बाजूंना दोन कडा. पाय ज्या बाजूला कलेल तीच कड बर्फात रुतते. तिला लुट्झ नावाची उडी बसवायची होती. ती डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर मागे जाता जाता घ्यायची असते. कड सुटली की पाय आत वळतो, उडी वेगळीच होते आणि गुण कापले जातात. हे सगळं ती इतकं नेमकं बोलत होती की मी हातातली कात्री खाली ठेवली.

आधी बसवणीची शंका घेतली. पातं अजून लांबट भोकांतल्या स्क्रूंवरच होतं, कायमचे स्क्रू मारले नव्हते; चाचणी होईपर्यंत सरकवता यावं म्हणून तसंच ठेवतात. रबरी चटईवर, पात्यांना कव्हर चढवून, तिला एका पायावर उभं केलं. घोटा सरळ. म्हणजे दोष बसवणीत नव्हता.

मग पात्याच्या बाजूला छोटा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, टेकवला, त्याची पट्टी दोन्ही कडांवर आडवी आणली आणि मागे दिवा धरला. उजव्या पात्यावर उजेड फक्त मधल्या पन्हळीतून आला. डाव्या पात्यावर बाहेरच्या कडेपाशीही फट दिसली. केसाहूनही बारीक. आतली कड तेवढीच वर राहिली होती. माझ्या उपकरणाला दिव्याची मदत लागली, त्या पोरीच्या पायाला ते दोन पावलांत कळलं होतं. पस्तीस वर्षं या धंद्यात आहे, पण त्या पायाबद्दल वाटला तेवढा आदर मला फार कमी मोजमापांबद्दल वाटला आहे.

कारण उघड होतं. ग्राइंडिंग व्हीलची धार गोलाईत ड्रेस करून, म्हणजे घासून तिला गोल आकार देऊन, पातं आडवं धरून तिच्यावरून न्यायचं असतं. त्या गोलाईचा माथा पात्याच्या जाडीच्या बरोबर मधोमध यायला हवा. थोडा वर-खाली झाला की एक कड उंच राहते. मशीन लावणाऱ्याने ते जुळवलं नव्हतं.

प्रशिक्षकांनी कागदावर पन्हळीच्या गोलाईची त्रिज्या अर्धा इंच लिहून दिली होती; त्रिज्या मोठी तेवढी पन्हळ उथळ. म्हणजे १२.७ मिमी. हिशोब केला तर चार मिमी जाडीत पन्हळीची खोली निघाली जेमतेम ०.१६ मिमी. सगळा खेळ एवढ्यातच. शिवाय पातं लांबीतही किंचित वाकडं असतं, साधारण सात फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडाच म्हणा. गिरकी त्याच वाकाच्या पुढच्या भागावर फिरते. तो बिघडवला तर पातंच वाया. म्हणून आधी तो वाक जाड पुठ्ठ्यावर उतरवून घेतला. मग चार मिमीची पट्टी तसाच वाक देऊन कापली आणि तिच्यावर हात बसवला. पहिल्या पट्टीत मध्ये थबकलो तिथे खळगा पडला. दुसरी जमली. तिसरीही जमली, तेव्हाच खरं पातं घेतलं.

हलक्या हाताने, न थांबता, टाचेकडून पुढे; पुढच्या दात्यांच्या अलीकडेच उचलायचं. दात्यांना चाक लागलं तर उडीचा आधारच जातो. पोलाद तापून निळं पडू नये म्हणून दर फेरीनंतर बोट लावून बघत होतो. शेवटी तेलाचा दगड बाजूला सपाट टेकवून बर, म्हणजे घासल्यावर कडेला उरलेली धातूची बारीक कुसळं, काढली. गुण्या लावला. दिवा लावला. फट नाही. उजवं पातंही त्याच गोलाईवर घेतलं, नाहीतर दोन पायांना दोन पकडी झाल्या असत्या. तोवर संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मायलेकी तोवर स्टुलावर बसून होत्या. बागायतदारांचे तीन फोन मी घेतलेच नाहीत.

"ओलं ठेवू नका," निघताना मी सांगितलं. "हो काका, बर्फावरून उतरलं की लगेच पुसते," ती म्हणाली.

बारा दिवसांनी मोबाइलवर फोटो आला. पांढऱ्या बर्फावर सरळ गेलेल्या दोन बारीक रेघा, शेजारी शेजारी, सारख्याच गडद. दोन्ही कडा एकाच वेळी टेकल्याची ती खूण. खाली दुसरा फोटो, वळणाची एकच रेघ, कुठेही न घसरलेली. मी तो मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला.

लगेच फोनही आला. "काका, डावा पाय सुटला नाही! लुट्झ अजून पडतेय, पण कड धरतेय. फक्त थांबताना पातं फार पकडतं. पुढच्या वेळी पन्हळ जरा उथळ कराल?"

वही काढली. तिच्या बुटांच्या नोंदीपुढे १२.७ खोडून १४.३ लिहिलं.