सोलापूर ते आल्प द्युएझ : एक वळण म्हणजे दोन मिनिटं

२०२२ साली आषाढी एकादशी १० जुलैला होती आणि टूर द फ्रान्सचा, म्हणजे फ्रान्समधल्या एकवीस टप्प्यांच्या सायकल शर्यतीचा, आल्प द्युएझ घाटातला टप्पा १४ जुलैला. सोलापूरहून निघणाऱ्याला पहिलं गणित इथेच सोडवावं लागतं, कारण एकादशीच्या आगेमागे कुर्डूवाडीवरून जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन आम्ही बुकिंग सुरू झालं त्याच दिवशी केलं होतं. तेव्हा ते १२० दिवस आधी उघडायचं, आता ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. रात्री सोलापूर, सकाळी मुंबई, मग एक विमान बदलून ल्याँ, विमानतळावरूनच बसने ग्रनोबल, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर घाटाच्या पायथ्याचं बूर द्वाझाँ. या गावाला रेल्वे नाही. शर्यतीच्या काळात रस्ते बंद होतात, बसचं वेळापत्रक कोलमडतं, म्हणून टप्प्याच्या किमान दोन दिवस आधी गावात पोचलेलं बरं.

एकवीस टप्प्यांपैकी हाच का निवडायचा? सपाट रस्त्यावर पावणेदोनशे सायकलपटूंचा घोळका, म्हणजे पेलोटॉन, ताशी ४५ किलोमीटरने येतो आणि वीस सेकंदांत डोळ्यांसमोरून नाहीसा होतो. त्यासाठी सात हजार किलोमीटर जाऊ नये. घाटात तोच घोळका फुटतो. चढावर वेग ताशी विसाच्या आसपास येतो, पुढच्याच्या पाठीमागे लपून वारा चुकवण्याचा फायदा जवळजवळ उरत नाही, आणि ज्याच्या पायांत जेवढा दम तेवढंच अंतर रस्त्यावर दिसतं. पहिला सायकलपटू गेल्यापासून शेवटचा येईपर्यंत अर्धा तास सहज उलटतो.

मुक्कामाचं मात्र वेळेवर बघायला हवं. पुढच्या वर्षीचा मार्ग ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जाहीर होतो आणि त्याच आठवड्यात पायथ्याच्या खोल्या आणि तंबूंच्या जागा भरतात. तारीख कळली की त्याच संध्याकाळी पैसे भरायचे. नाहीच मिळालं तर ग्रनोबलला राहावं, पण मग टप्प्याच्या आदल्या दुपारीच घाटात चढून रात्र तिथेच काढायची तयारी ठेवावी. व्हिसासाठी पुणे किंवा मुंबई. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी अडचण असते, तेव्हा मार्चमध्येच हे उरकलेलं चांगलं.

शिदोरीच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगा चटणी या दोन गोष्टी जणू घाटात बसण्यासाठीच केल्या आहेत : पाणी लागत नाही, चूल लागत नाही, आठवडाभर काही होत नाही. दोन दिवसांसाठी माणशी आठ भाकऱ्या आणि पाव किलो चटणी पुरते. भाकरी पिशवीत नेली तर मुंबईपर्यंतच तिचा चुरा होतो. स्टीलच्या उभ्या डब्यात, मध्ये कागद घालून, हलणार नाही अशी घट्ट बसवावी. पेढे, खवा, तूप मात्र घरीच ठेवा. बाहेरच्या देशांतून आपल्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. पाणी माणशी तीन लिटर. वाटेतल्या गावांत नळ आणि कारंजी असतात, त्यांवर ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर पाणी पिण्याचं. पाटीवर त्याच शब्दांमध्ये ‘नों’ दिसलं तर त्याने फक्त हात धुवायचे.

आणखी एक सांगून ठेवतो. बेचाळीस अंशांची सवय असलेल्या आपल्या लोकांना वाटतं, ऊन आपलं काय करणार. दीड हजार मीटर उंचीवरचं ऊन गार वाऱ्यात जाणवतच नाही आणि संध्याकाळी कातडी सोलते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी हवीच. रात्री गारठा पडतो आणि दुपारनंतर पाऊस येऊ शकतो, म्हणून जर्किनही.

आता घाट. लांबी १३.८ किलोमीटर, सरासरी चढ ८.१ टक्के, वळणं २१. टूर इथे पहिल्यांदा १९५२ मध्ये आली आणि फाउस्तो कोप्पी जिंकला. वळणांचे नंबर उलटे आहेत : पायथ्याला २१, वर १. प्रत्येक वळणावर पाटी आणि तिच्यावर इथल्या विजेत्याचं नाव. सुरुवातीचे दोनेक किलोमीटर सर्वांत खडे, दहा टक्क्यांच्या वर. तुळजापूरच्या घाटात सराव करून गेलेल्यालाही हे दोन किलोमीटर जड जातात. सात नंबरचं वळण डच लोकांचं. तिथे सगळं केशरी असतं आणि गाणी रात्रभर थांबत नाहीत. इथल्या पहिल्या चौदा टप्प्यांपैकी आठ डच सायकलपटूंनी जिंकले, त्याचा हा उत्सव. बघावा जरूर, पण शर्यत समजून घ्यायची असेल तर तिथे उभं राहू नये.

वळणाच्या कोपऱ्यावर रस्ता किंचित सपाट होतो आणि सायकलपटू तिथे वेग घेतात. खरा अटॅक, म्हणजे अचानक वेग वाढवून इतरांना मागे टाकणं, बहुतेक वेळा त्याआधीच्या किंवा नंतरच्या सरळ, खड्या पट्ट्यात होतो. म्हणून वळणाच्या वर शंभरेक पावलांवर, दरीच्या कडेला, खालचे दोन-तीन पट्टे दिसतील अशी जागा धरायची. वाखरीच्या रिंगणाला ज्याने सकाळपासून जागा धरली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अश्व धावतो तो काही मिनिटंच, पण कुठून दिसेल हे आधी जाऊन हेरावं लागतं. अगदी वर, शेवटच्या भागात, लोखंडी बॅरिकेड असतात. तिथून समोरचा माणूस दिसतो, खालची शर्यत दिसत नाही.

खालचे पट्टे का दिसायला हवेत? १३.८ किलोमीटरला २१ वळणं, म्हणजे दोन वळणांमध्ये सरासरी ६५० मीटर. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ६५० मीटरला लागतात सुमारे दोन मिनिटं. एक वळण म्हणजे दोन मिनिटं! हे एकदा मनात बसलं की शर्यत उघड्या वहीसारखी वाचता येते. १४ जुलैच्या सकाळी योनास विंगेगार्ड आधीच्या सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत तादेय पोगाचारच्या २ मिनिटं २२ सेकंद पुढे होता, म्हणजे या घाटाच्या भाषेत एका वळणाहून थोडा जास्त. पोगाचारला पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असलेल्याची जर्सी, परत हवी असेल तर त्याला विंगेगार्डला अख्ख्या एका वळणाने मागे टाकायला हवं होतं. दोघं समोरून गेले ते एकमेकांच्या चाकाला चाक लावून. मोबाइलला नेटवर्क नव्हतं, तरी जर्सी हलणार नाही हे आम्हाला तिथेच कळलं होतं.

घड्याळ लावायची रीत अशी. रस्त्यावर रंगवलेलं एखादं नाव किंवा किलोमीटरची पाटी खूण म्हणून पक्की करायची. पहिल्याचं पुढचं चाक त्या खुणेवरून गेलं की स्टॉपवॉच सुरू, आणि मग प्रत्येक गटाला लॅपचं बटण. एकाने फक्त बटण दाबायचं, दुसऱ्याने छातीएवढ्या पुठ्ठ्यावर नंबर लिहायचे. दोन्ही कामं एकट्याने करायला गेलं की तिसऱ्या गटानंतर सगळा गोंधळ होतो. नंबर वाचणं सोपं आहे : आठ जणांच्या संघाला १ ते ८, ११ ते १८, २१ ते २८ असे नंबर मिळतात, आणि शेवटी १ असलेला सहसा संघाचा म्होरक्या. १ नंबर मागच्या वर्षीच्या विजेत्याचा, त्या वर्षी तो पोगाचारकडे होता. गंमत म्हणजे पिवळ्या जर्सीतल्या विंगेगार्डचा नंबर होता १८. त्याच्या संघाचा ११ रोग्लिचकडे होता.

टप्पा ब्रियांसाँहून निघाला, १६५ किलोमीटर, गालिबिए आणि क्र्वा द फेर हे दोन मोठे घाट आधी. १९८६ मध्ये बेर्नार इनो आणि ग्रेग लेमाँ हातात हात घालून वर पोचले होते तोच हा मार्ग. दुपारी चारच्या सुमारास जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा येतो, शर्यतीच्या साधारण दोन तास आधी. टोप्या, बिस्किटं, पाकिटं फेकतात. शाकाहारी असाल तर लाल चौकटीच्या पाकिटापासून सावध, त्यात डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. पडलेली वस्तू उचलायला रस्त्यावर वाकू नये, मागून पुढची गाडी येतच असते.

मग दरीतून हेलिकॉप्टरचा आवाज. तो खालच्या बाजूने येऊ लागला की दहा-पंधरा मिनिटं उरली. पोलिसांच्या मोटारसायकली, लाल अधिकारी गाडी, आणि तिच्यामागे एकटा टॉम पिडकॉक. तोंड उघडं, खांदे मात्र अजिबात न हलणारे. चढाच्या सुरुवातीच्या भागातच त्याने बरोबरच्यांना सोडलं होतं. वर त्याने लुई माइंत्येसला ४८ सेकंदांनी, क्रिस फ्रूमला २ मिनिटं ६ सेकंदांनी मागे टाकलं, विंगेगार्ड आणि पोगाचार ३ मिनिटं २३ सेकंदांनी पोचले. वळणांत मोजा : अर्ध्याहून कमी, एक, पावणेदोन.

याच घाटावर १८ ऑगस्ट २०२४ ला महिलांच्या टूरचा शेवट झाला, तेव्हा हे मोजमाप वळणांवरून मीटरवर आलं. काशिया निएवियादोमा एकूण वेळेत डेमी फॉलरिंगच्या १ मिनिट १५ सेकंद पुढे होती. फॉलरिंगने टप्पा जिंकला, काशिया १ मिनिट १ सेकंद मागे आली. विजेतीच्या एकूण वेळेतून बोनस म्हणून १० सेकंद वजा. ७५ वजा ६१ वजा १० : उरले ४ सेकंद. आठ टप्प्यांनंतर जेमतेम वीस मीटर!

सायकलपटूंच्या बाजूने पळणं, पाठीवर पाणी ओतणं, हात लांब करून फोटो काढणं, यातलं काहीही करू नये. २०१८ मध्ये याच चढावर गर्दीत व्हिन्चेन्झो निबाली पडला, मणक्याला फ्रॅक्चर झालं आणि त्याची टूर तिथेच संपली. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, मनगटाला गुंडाळलेला हवा, आणि आपली रेषा रस्त्याच्या डांबराबाहेर.

पुढचे गेले की बरेच लोक सामान आवरतात. तसं करू नका. मागून स्प्रिंटर, म्हणजे सपाटीवर जोरात धावणारे, आणि मदतनीस सायकलपटूंचा मोठा गट येतो, त्याला ग्रुपेत्तो म्हणतात. विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के मिळवून त्या दिवसाची मुदत काढतात. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी सुरुवातीला उभं राहता येत नाही, म्हणून सगळे एकमेकांना धरून एकाच लयीत चढतात. यांच्या चेहऱ्यावर मीठ पांढरं दिसतं. टाळ्यांची गरज खरं तर यांना असते.

त्यांच्यामागे शेवटच्याला उचलणारी गाडी आणि मग पोलिसांची. ती गेल्याशिवाय रस्त्यावर उतरायचं नाही. चालत खाली यायला दोन तास धरा. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण हजारो सायकली दिव्यांशिवाय त्याच उतारावरून सुटतात. तिथे वाहतूक उजवीकडून चालते, मागून येणाऱ्या सायकली त्या बाजूने उतरतात, त्यामुळे आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचं, आणि डोक्याला लावायचा दिवा सातच्या आत बाहेर काढून ठेवायचा.