‘सेट’ला मराठीत कुठे बसवायचं?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या शब्दाचे ४३० अर्थ आहेत. ती एकच नोंद सुमारे ६०,००० शब्दांची, म्हणजे एका बऱ्यापैकी कादंबरीएवढी आहे. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकलं. तरीही भाषांतरात जास्त फसवतो तो ‘सेट’च. कारण तो मराठीत आधीच येऊन राहिला आहे. चहाचा सेट, सिनेमाचा सेट, टेनिसचा सेट हे ओळखीचे असल्यामुळे आपल्याला तो कळतो असं वाटतं, आणि शब्दकोश उघडायचा राहून जातो.

मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘संच’ या अर्थाचं नाम जुन्या फ्रेंचमधून आलं, त्याच्या मागे लॅटिनमधला पंथ किंवा अनुयायी अशा अर्थाचा शब्द आहे. क्रियापद मात्र अस्सल इंग्रजी. जुन्या इंग्रजीत ‘सिटान’ म्हणजे बसणे आणि त्याचं प्रयोजक रूप ‘सेटान’ म्हणजे बसवणे. आपल्या बसणे-बसवणे या जोडीसारखीच ही जोडी. या कुळाचा मूळ धातू आणि संस्कृतातला ‘सद्’ एकच. संसद आणि उपनिषद या शब्दांत तोच बसला आहे. मराठीतलं ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’वरून, ‘बैसणे’ या वाटेने आलं. धातू वेगळे असले तरी विचार एकच आहे, आणि ‘सेट’ची किल्ली मला तरी इथेच दिसते. क्रियापद दिसलं की आधी ‘बसवणे’ घालून पाहावं.

बऱ्याच ठिकाणी ते चपखल बसतं. सोनार खडा कोंदणात बसवतो. इंग्रजीत त्या क्रियेला ‘सेट’ आणि कोंदणाला ‘सेटिंग’. डॉक्टर मोडलेलं हाड बसवतात. इथे एक चूक फार वेळा दिसते: ‘बोन सेट केलं’चं भाषांतर ‘प्लास्टर घातलं’ असं होतं. सरकलेली टोकं पुन्हा एका रेषेत आणणं म्हणजे हाड बसवणं. प्लास्टर त्यानंतर, बसवलेलं हाड हलू नये म्हणून. आरोग्याच्या माहितीपत्रकात या दोन पायऱ्या एक झाल्या तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

‘बसवणे’ थांबतं तिथे ‘लावणे’ सुरू होतं. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे: चारही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’. आणि ‘सेट इन’ आलं की ‘लागणे’. पावसाळा लागतो, श्रावण लागतो, लाकडाला कीड लागते. ‘मान्सून सेट इन झाला’चं ‘मान्सून स्थापित झाला’ असं भाषांतर वाचलं की हळहळ वाटते, कारण ‘पाऊस लागला’ या दोन शब्दांत सुरुवात आणि मुक्काम दोन्ही येतात. दह्यालाही हेच क्रियापद. विरजण लावलं की दही लागतं. नियम, दर, तारीख किंवा प्रश्न यांना मात्र लावणे-बसवणे चालत नाही. तारीख ठरवतात, नियम घालून देतात, प्रश्नपत्रिका काढतात. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत, म्हणून तिथल्या कारागिराला जुळारी म्हणत.

कर्म नसलेलं ‘सेट’ आलं की सगळा भार कर्त्यावर. सूर्य असेल तर मावळतो. जेली असेल तर थिजते. सिमेंट असेल तर थांबून विचार करावा लागतो, कारण बांधकामावरच्या मराठी लिखाणात ‘सेटिंग’ला सर्रास ‘कडक होणे’ म्हटलेलं असतं आणि ते चूक आहे. सेट होणं म्हणजे कालवलेल्या सिमेंटचा मऊपणा जाऊन ते आकार धरू लागणं. मजबुती येणं ही पुढची, कितीतरी सावकाश चालणारी गोष्ट; तिची चाचणी २८ दिवसांनी घेतात. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटची प्राथमिक सेटिंगची वेळ ३० मिनिटांपेक्षा कमी नसावी आणि अंतिम सेटिंगची वेळ ६०० मिनिटांपेक्षा जास्त नसावी. वेळ मोजायची ती सिमेंटमध्ये पाणी पडल्यापासून. प्रयोगशाळेत विकाटच्या उपकरणातली १ चौरस मिलिमीटर छेदाची सुई ४० मिलिमीटर खोलीच्या साच्यातल्या लगद्यात सोडतात. ती तळापासून साधारण ५ मिलिमीटरवर अडली की प्राथमिक सेटिंग झालं. सिमेंट दळताना त्यात थोडा जिप्सम घालतात तोही एवढ्यासाठीच, नाहीतर ते पाणी लागताच आवळून बसेल.

आता ‘सेट होण्याआधी माल टाकून घ्या’ या सूचनेचं भाषांतर ‘कडक होण्याआधी’ असं केलं तर गवंडी माल दगडासारखा होईपर्यंत वेळ आहे असं समजेल. मग आवळू लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा कालवला जाईल, आणि मजबुती तिथेच घटेल. म्हणून इथे ‘सेट होणे’ तसंच ठेवावं. साइटवर सगळे तोच शब्द वापरतात.

शेतातही असंच. पुस्तकात ‘फ्रूट सेट’ म्हणजे फळधारणा, पण डाळिंबाच्या बागेत ‘सेटिंग’ झाली का, असंच विचारतात, आणि द्राक्षात मणी सेटिंगची अवस्था असते. शेतकऱ्यांसाठी लिहिताना दोन्ही शब्द एकदा शेजारी ठेवले की काम होतं. उसाच्या लागवडीतला ‘सेट’ मात्र निराळा. इंग्रजीत तो बहुधा शेवटी दोन ‘टी’ घालून लिहितात, आणि त्याचा अर्थ टिपरी, म्हणजे लागवडीसाठी कापलेला उसाचा तुकडा. दोन डोळ्यांच्या टिपरीला ‘दोन डोळ्यांचा संच’ केलं की वाक्य वाया गेलं.

पुढे चिकटणारे छोटे शब्द सर्वांत घातक. ‘सेट असाइड’ घ्या. पैसे असतील तर ते बाजूला ठेवले. कोर्टाने आदेश ‘सेट असाइड’ केला तर तो रद्दबातल ठरवला. ‘बाजूला ठेवला’ लिहिलं की आदेश अजून शिल्लक आहे, त्याचा विचार नंतर होईल असं वाटतं, म्हणजे बातमीच उलटली. ‘सेट ऑफ’ प्रवासात असेल तर निघणे, फटाक्यांत असेल तर उडवणे, हिशेबात असेल तर वजावट. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मधलं ‘सेट ऑफ’ हे या शेवटच्या जातीचं होतं: खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा करणे. ‘सेटबॅक’ला एरवी धक्का किंवा पीछेहाट म्हणावं, पण इमारतीच्या नकाशात ते हद्दीपासून सोडायचं अंतर, म्हणजे सामासिक अंतर असतं. मुंबईतल्या कागदपत्रांत बहुधा रस्तारुंदीसाठी द्यावी लागणारी जागा असा अर्थ निघतो. सामासिक अंतर आणि ही जागा एक नव्हेत, त्यामुळे नकाशा समोर असल्याशिवाय शब्द ठरवू नये.

कथा-कादंबऱ्यांबद्दल लिहिताना ‘ही कथा पुण्यात सेट केली आहे’ असं हल्ली सर्रास दिसतं. कथा पुण्यात घडते, एवढं पुरतं. नाटकाच्या सेटला नेपथ्य म्हणावं. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा होती, तो शब्द मराठीत पुढे रंगमंचावर आला. सिनेमाच्या सेटला मात्र नेपथ्य म्हटलेलं कानाला खटकतं, तिथे ‘सेट’च राहू द्यावा. गणितात संच, व्यायामात सेट.

शेवटचा खड्डा काळाचा. ‘सेट’ची वर्तमान, भूत आणि भूतकालवाचक धातुसाधित ही तिन्ही रूपं एकसारखीच. कर्ता ‘ते’ किंवा ‘आम्ही’ असेल तर दर ठरवतात की ठरवले, हे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच काढावं लागतं. कर्ता एकवचनी तृतीयपुरुषी असेल आणि शेवटी ‘एस’ नसेल तर भूतकाळ समजावा. मथळ्यांत तर सहायक क्रियापदही गाळलेलं असतं. ‘ऑनियन प्राइसेस सेट टू राइज’ यात कोणी काही ठरवलेलं नाही. कांद्याचे भाव वाढण्याची चिन्हे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ‘कांद्याचे भाव ठरले’ असं छापून गेलं, तर बाजार समितीत लिलावाला उभा असलेला शेतकरी ते खरं मानेल.