व्हर्दोंची दरी: शिड्या सोडा, बोगदे आणि टॅक्सीवाला सांभाळा

फ्रान्समधल्या व्हर्दों नदीच्या दरीतल्या ब्लाँ-मार्तेल ट्रेकबद्दल नेटवर शोधलंत की हमखास दोन गोष्टी पुढ्यात येतात. ‘नदीकाठची सुंदर वाट, साधारण सहा तास’ हे एक वाक्य, आणि बघूनच पोटात गोळा येईल असे लोखंडी शिड्यांचे फोटो. वाक्य साफ दिशाभूल करणारं आहे. फोटोंना काही अर्थ नाही. ज्या दोन ठिकाणी आमची खरी दमछाक झाली त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून हा खटाटोप. राजगड-तोरणा एका दमात चालू शकणाऱ्यांसाठी लिहितोय. गुडघे कुरकुरत असतील तर खाली रूत द क्रेत या गाडीरस्त्याबद्दल आणि तलावाबद्दल दोन ओळी आहेत, त्या वाचा.

मुक्काम ला पालू-स्यूर-व्हर्दों या गावात. दक्षिण फ्रान्समधलं, नऊशे मीटरच्या वरचं छोटंसं गाव. एक बेकरी, थोडी दुकानं, जुन्या गढीत माहिती केंद्र, आणि रस्त्यात जिकडेतिकडे दोर खांद्यावर टाकलेले गिर्यारोहक. रेल्वे इथवर येत नाही. बसच्या भरवशावर राहू नका, मार्सेयहून गाडी भाड्याने घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी बुक करा, नाहीतर गिअरची गाडी उजव्या हाताच्या रस्त्यावर आणि कड्याच्या कडेने चालवायची तयारी ठेवा. आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना असू द्या.

आता ट्रेक. सुरुवात ला मालीनच्या शाले म्हणजे गिर्यारोहकांच्या निवाऱ्यापासून, शेवट प्वाँ स्युब्लीम या टोकावर. अंतर सोळा किलोमीटरच्या आसपास. सुरुवातीलाच तीनेकशे मीटर खाली उतरायचं, त्यामुळे ‘आता काय, नदीच्या बाजूने चालत राहायचं’ असं वाटतं. तसं काही नाही. वाट नदीला चिकटून राहतच नाही. कडा आडवा आला की वर चढवते, घसाऱ्यावरून आडवी नेते, पुन्हा खाली आणते. नकाशावर एकूण चढ फार दिसत नाही, पण पायांना तो हप्त्याहप्त्याने भरावा लागतो. त्यात चुनखडीचे दगड हजारो बुटांनी घासून आरशासारखे झालेत. पाऊस पडून गेला असेल तर सरळ दिवस बदला. बूट झिजलेल्या सोलचे असतील तर कोरड्या दिवसातही बदला, म्हणजे बूट.

नावातले मार्तेल हे गुहा धुंडाळणारे संशोधक. १९०५ साली ऑगस्टमध्ये ते या दरीतून पहिल्यांदा आरपार गेले. सोबत रुगों गावचे शिक्षक इसिदोर ब्लाँ होते. त्याआधी सातशे मीटरपर्यंत उंच कड्यांच्या या घळीतून कुणी पार गेल्याची नोंद नाही. आजची वाट १९३० च्या सुमारास एका फ्रेंच पर्यटन क्लबने तयार केली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा चोख आहेत, चुकायला जागा नाही. मेस्क्लाला, म्हणजे आर्त्युबी नदीच्या संगमावर, जायला एक फाटा फुटतो. अर्धा-पाऊण तास जातो, पण जा. डबा तिथेच खा. त्या दिवसातलं एवढं एकच ठिकाण मी कुठलीही अट न घालता सुचवेन.

मेस्क्लाच्या पुढे ब्रेश आंबेरची खिंड. इथे त्या गाजलेल्या शिड्या. २५२ पायऱ्या, सहा टप्पे, दोन्ही बाजूंना कठडे. मालीनकडून आलात तर उतरायच्या. उंचीची भीती असणारी आमच्यातली एकजण आधी दोन रात्री नीट झोपली नव्हती, आणि उतरून झाल्यावर म्हणाली, ‘‘एवढंच?’’ तोंड शिडीकडे ठेवा, पोल सॅकला बांधा, संपला विषय. त्रास झालाच तर गर्दीचा होतो. सकाळच्या पहिल्या शटल बसने आलेले सगळे इथे एकाच वेळी पोचतात, समोरून उलटे येणारेही असतात, आणि मग तासभर रांग. पहिल्या शटलच्याही आधी चालायला लागाल तर शिड्या तुमच्या एकट्याच्या.

बोगदे. यांच्याबद्दल सगळे ‘टॉर्च घ्या’ एवढंच सांगून मोकळे होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दरीचं पाणी वळवून वीज करायची योजना होती, तिच्यासाठी हे खोदले. योजना अर्धवट सुटली, बोगदे राहिले. बाऊचा बोगदा सुमारे ६७० मीटर लांब आहे. ६७० मीटर रस्त्यावर दहा मिनिटांचे. इथे नाहीत. मधल्या एखाद्या खिडकीचा अपवाद सोडला तर काळोख, पायाखाली खडबडीत दगड, मधोमध डबकी, छतातून टपटप गळणारं पाणी, आणि समोरून येणाऱ्याचा हेडलॅम्प थेट डोळ्यात. बाहेर तीसच्या वर तापमान, अंगावर घामाने भिजलेला शर्ट, आणि आत थंडगार वारा. पाच-सहा तास चालून झालेले असतात, पाय उचलला जात नसतो, आणि नेमकं तेव्हाच प्रत्येक पाऊल बघून टाकायचं. आमच्या पुढच्या जोडप्याकडे फक्त मोबाइलचा उजेड होता आणि एक मोबाइल वाटेतच मेला. माणशी एक हेडलॅम्प, नवे सेल, हात मोकळे. यात तडजोड नको. एक पातळ जाकीट सॅकमध्ये वरच्या बाजूला ठेवा, तळाशी नाही. अंधाऱ्या बंद जागेची धास्ती असलेल्यांनी हा ट्रेक करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथून मागे फिरायचं म्हणजे त्या शिड्या चढून परत जायचं. दुसरा बोगदा, त्रेस्कायरचा, मालीनकडून येताना याच्या आधी लागतो आणि बराच छोटा आहे, पण तोवरच विनोदबुद्धी संपत आलेली असते.

बाहेर आलात की कुल्वार साम्सोंच्या पार्किंगपाशी वाट वर येते आणि सगळ्यांना वाटतं संपलं. संपलेलं नसतं. प्वाँ स्युब्लीम अजून वर आहे, आणि हा शेवटचा चढ दुपारच्या उन्हात, रिकाम्या बाटल्यांनी चढावा लागतो. संपूर्ण वाटेवर पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नाही. माणशी तीन लिटर न्या, त्यातलं अर्धा लिटर या चढासाठी बाजूला ठेवा. लिंबू-मीठ-साखरेची पूड असेल तर उत्तम. वाटेत फोनला रेंजचा भरवसा नाही. मिळाली तर तातडीचा क्रमांक ११२.

आणि वर पोचल्यावर टॅक्सी. आमची गाडी होती ला मालीनला, म्हणजे रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर दूर. शटल नुकतीच गेली होती. एक गृहस्थ गाडी घेऊन उभेच होते. ‘‘वीस,’’ म्हणाले. चौघांचे वीस, झकास, म्हणून बसलो. उतरताना ऐंशी. माणशी वीस, असं ते आता म्हणत होते. आमच्या फ्रेंचची धाव ‘नों’च्या पुढे जाईना, त्यांचं इंग्रजी तेवढ्यापुरतं गायब झालेलं. दिले. ऐंशी युरोंचे रुपये कुणी मनात करू नयेत, मी केले आणि रात्रीचं जेवण कडू झालं. सगळेच असे असतील असं म्हणत नाही, गावातल्या लोकांनी त्या एका दिवसाखेरीज कधी एक युरो जास्त घेतला नाही. पण उपाय सोपा आहे: गाडी प्वाँ स्युब्लीमला लावा, सकाळी शटलने किंवा आधी ठरवलेल्या टॅक्सीने मालीनला जा आणि आपल्याच गाडीकडे चालत या. शटल सगळ्या महिन्यांत रोज नसते, वेळापत्रक माहिती केंद्रातून घ्या आणि जागा राखून ठेवा. टॅक्सी ठरवताना आकडा कागदावर लिहून घ्या, खाली ‘चौघांचे’ असंही.

नदीत उतरू नका. हिरवंगार पाणी आहे, मोह होतो, घोटे बुडवायला हरकत नाही. पण वरच्या अंगाला कास्तियों आणि शोदान ही धरणं आहेत, वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. पलीकडच्या काठावर गेलेला माणूस तिकडेच अडकतो. तसे फलकही लावलेत.

बाकीचं झटपट. रूत द क्रेत हा कड्यांवरून जाणारा रस्ता, सुमारे तेवीस किलोमीटरचा फेरा, गावातून निघून गावातच. मधला भाग एकेरी आहे, त्यामुळे गावाच्या पूर्वेकडूनच शिरा. हिवाळ्यात बंद असतो. सकाळी जा, ऊन तापल्यावर गिधाडं कड्याच्या खालून वर येतात आणि तुमच्या पायाखालून उडतात. १९९९ पासून ती इथे पुन्हा सोडण्यात आली. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे, आणि इथे तर पैसे लागतच नाहीत.

सँत-क्र्वा तलावाच्या गालता पुलापासून पेडलबोटीने दरीच्या तोंडात जाता येतं. पेट्रोलच्या बोटींना बंदी असल्याने शांतता असायला हवी, पण ऑगस्टमधल्या दुपारी तिथे लक्ष्मी रोड असतो. नऊला पोचलात तर मजा, अकराला पोचलात तर पुढे जा. मुस्तिये हे गाव सुंदर आहे, दोन कड्यांमध्ये साखळीला टांगलेली चांदणी आहे, वर चॅपल आहे. बघा आणि निघा, चिनी मातीच्या बशीच्या किमती विचारू नका. व्हालाँसोलच्या पठारावरची लव्हेंडर जुलैच्या उत्तरार्धात कापायला घेतात, त्यानंतर जाऊन खुंट बघायचे असतील तर तुमची मर्जी.

शाकाहाऱ्यांनी तापनादपासून जपावं. ऑलिव्हची चटणी म्हणून पुढ्यात येते, पारंपरिक कृतीत अँचोव्ही मासळी असते. विचारून घ्या. बेकरी सकाळीच गाठा, स्वयंपाकघरं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि त्यानंतर तुम्ही कितीही भुकेले असा. आम्ही ट्रेकला थेपले आणि चिवडा नेला होता, पावाबरोबर बकरीच्या दुधाचं चीज आणि पीच. झकास जमलं.

ज्यांना हे सगळं वाचून फारच सौम्य वाटलं त्यांच्यासाठी पलीकडच्या काठावर इम्ब्यूची वाट आहे, जिथे अख्खी नदी कोसळलेल्या शिळांच्या खाली गडप होते. ती वाट जास्त अवघड, केबल धरून जायची, आणि परतीसाठी व्हिदालची वाट घेतलीत तर ती फक्त चढण्यासाठीच, उतरण्यासाठी नाही. तो काठ व्हार जिल्ह्यात येतो. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याने तिथली जंगलं दिवसभरासाठी बंद करतात, नकाशा आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. तो बघितल्याशिवाय गजर लावू नका.