घ्यायचं माप

आमच्या स्वयंपाकघरात आजीची दोन पितळी मापटी आहेत. एक तांदळाच्या डब्यात असतं, दुसऱ्यात मी पेनं ठेवते. दोन्ही एकाच तांबटाच्या हातची, दोन्हींच्या काठाखाली तीच दुहेरी रेघ. तांदळाच्या मापट्याचा तळ तेवढा आतल्या बाजूला वर आलेला आहे. लहानपणी मला तो पोचा वाटायचा. आजी त्याला ‘द्यायचं माप’ म्हणायची आणि पेनांच्या मापट्याला ‘घ्यायचं माप’. देवाची समई वेगळी, माजघरातला कंदील वेगळा, तसंच हे असणार, असं मी धरून चालले होते.

मग आमोस वाचला.

हा आमोस बायबलच्या जुन्या करारातला संदेष्टा, पण संदेष्ट्यांच्या जमातीतला नव्हेच. जेरुसलेमच्या दक्षिणेला तकोवा नावाचं गाव आहे, तिथला मेंढपाळ. शिवाय आपल्या उंबराच्या जातीतलीच जी झाडं तिकडे होतात, त्यांची फळं राखायचा. ही फळं पिकावीत म्हणून त्यांना एकेक करून चिरा द्याव्या लागत. इसवी सनापूर्वी ८व्या शतकाच्या मध्याला हा माणूस सीमा ओलांडून उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि बेथेलच्या राजमंदिरापाशी उभा राहून बोलू लागला. गादीवर दुसरा यराबाम. राज्याची भरभराट होती, राजधानी शोमरोनात बड्या लोकांच्या घरी हस्तिदंताचे पलंग होते. (ही काही आमोसची फेकाफेक नव्हे. गेल्या शतकात तिथं खोदकाम झालं तेव्हा कोरीव हस्तिदंताचे तुकडे खरोखरच निघाले.) देवळातही कशाची ददात नव्हती. यज्ञ, सण, वीणा, गाणी, सगळं यथासांग.

आणि हा गुराखी उठतो तो थेट धान्याच्या दुकानात शिरतो.

व्यापारी काय म्हणतात, ते तो त्यांच्याच तोंडून ऐकवतो. नवचंद्राचा सण संपतो कधी आणि आम्ही धान्य विकतो कधी? शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) सरतो कधी आणि कोठारं उघडतो कधी? आपल्याकडे कांद्याच्या कित्येक बाजार समित्यांत अमावास्येला लिलाव बंद ठेवायची रीत होती. त्या दिवशी नुसत्या येरझाऱ्या घालणारा एखादा आडत्या डोळ्यांपुढे आणा. दुकान बंद आहे, देवाचा दिवस पाळलाही जातोय, पण डोक्यात हिशेब चालू. कोकणातले बेने इस्राएली ज्यू तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दूर किनाऱ्यावर राहून त्यांचं बाकी पुष्कळ काही विसरलं, शनिवार तेवढा सुटला नाही. आमोसच्या व्यापाऱ्यांचाही शब्बाथ सुटलेला नव्हता. त्याची तक्रार रविवारपासून पुढच्या दिवसांची आहे.

ती तक्रार मी दोनदा वाचली तेव्हा कुठे उलगडली. एफा लहान करतात आणि शेकेल मोठा. एफा म्हणजे धान्याचं माप, स्थूलमानानं २२ लिटरचं. शेकेल हे तेव्हा नाणं नव्हतं, वजन होतं. गिऱ्हाईक चांदीचे तुकडे आणायचं, ते दगडी वजन टाकून तोलून घ्यायचे. यहूदातल्या, म्हणजे आमोसच्या दक्षिणेकडच्या राज्यातल्या, खोदकामात तशी वजनं सापडली आहेत, तळाशी सपाट आणि वर घुमटासारखी गोल. एक शेकेल साधारण ११ ग्रॅमचा. म्हणजे धान्य द्यायचं ते आखूड मापानं आणि चांदी घ्यायची ती जड दगडानं. मध्ये तराजूची दांडीही वाकडी. आणि एवढं करून पोत्यात काय, तर गव्हाचा भुसा! एका सौद्यात चार वेळा लुटायचं म्हणजे कौशल्यच म्हणायला हवं. उसाच्या काटामारीवर तावातावानं बोलणारे आपल्याकडचे शेतकरी आमोसला एका वाक्यात समजून घेतील. आपल्याकडे त्याला शब्दही तयार आहे, मापात पाप.

गरीब माणूस मग कर्जात बुडतो, आणि एका जोड्याच्या, पायातल्या जोड्याच्या, किमतीला विकला जातो.

यावर देव काय म्हणतो? मला वाटलं होतं, आता वीज पडणार. ती पुढे पडतेच. भूमी कापेल, भरदुपारी सूर्य मावळेल, सणांचा शोक होईल. पण त्याआधी तो एक शपथ घेतो : यांनी केलेलं मी कधीही विसरणार नाही. माझ्या अंगावर काटा आला तो इथे. सूर्य मावळण्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण कोणीतरी मापट्याचा तळ लक्षात ठेवतंय, हे फार झालं. आणि हाच देव आधी म्हणून गेलाय, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, तुमची वीणा मला ऐकायची नाही.

बेथेलच्या याजकानं, अमस्यानं, राजाला कळवलं की या माणसाचे शब्द देशाला सोसवणारे नाहीत. मग आमोसला सांगितलं, बाबा रे, यहूदात जा आणि तिकडेच भाकरी मिळव. किती समंजस माणूस! चारेक दशकांनी, ७२२च्या सुमारास, अश्शूरी फौजेनं शोमरोन घेतलं.

पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात गेले. पेनं ओट्यावर ओतली, ते मापटं नळाखाली काठोकाठ भरलं आणि तांदळाच्या मापट्यात ओतलं. ते भरलं, ओट्यावर सांडलं, तरी पहिल्यात तळाशी पाणी राहिलंच. कपात काढून पाहिलं, अर्धा कप चहाएवढं होतं.

आजी पावसाळ्यात गड्यांना ज्वारी उसनी द्यायची आणि सुगीला परत घ्यायची. देताना मापट्यावरून हात फिरवून सपाट, घेताना शीग लावून. शीग मला आठवत होती. तिला मी व्याज समजत होते.

आत्याला फोन केला. म्हटलं, ती दोन मापं सारखी नव्हती हे तुला माहीत होतं का?

“अगं, गावाला माहीत होतं,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “एकादशीला ओसरीवर भजन असायचं ना, वहिनी-बिहिनी सगळ्या जमायच्या, तेव्हा आई ते घ्यायचं माप कोनाड्यात उलटं घालून ठेवायची. वर फडकं टाकायची.”

“आणि मग?”

“मग काय, बारशीला काढायची.”